पिलांचं ताक

त्या साली आमच्या गावाला हसायला दोन गोष्टी मिळाल्या होत्या. एक, ग्रामपंचायतीचा नवा रेडिओ, जो आला त्या महिन्यातच मुका झाला. दुसरी, माझा नवरा. रेडिओ निदान गप्प बसला होता, नवऱ्याचं तसं नव्हतं.

बायकोने नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण ज्या माणसाने माळ्याच्या घरात डुकरं आणली, त्याचं नाव न घेता ही गोष्ट सांगायची कशी? तुळशीराम. घेतलं नाव, आता पुढे ऐका.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. पंचायत समित्या नव्या होत्या आणि त्यांच्याकडून गावात सारख्या योजना यायच्या. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या आमच्या गावात एक दिवस जीप आली ती विलायती पांढऱ्या डुकरांची योजना घेऊन. चावडीवर सभा भरली. साहेब म्हणाले, "पिलं सरकार देईल. तुम्ही वाढवा. चांगली वाढली तर सरकारच परत घेईल आणि पुढची पिलंही देईल. बोला, कोण घेतं?" सगळी सभा आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. तुळशीरामला चारचौघांतली शांतता सोसत नाही. त्याने हात वर केला.

मी हसण्यावारी नेते, पण त्या हात वर करण्यामागे कारण होतं. भावाभावांच्या वाटण्यांत आमच्या वाट्याला नाल्याकाठचा दगडांचा तुकडा आला होता. ते दगड मी एकेक करून वेचले, बांधाला लावले आणि तिथे फुलबाग केली. मोगरा, शेवंती, झेंडू, लाल कण्हेर, कडेने मरवा. गावातल्या घरोघरची देवाची फुलं माझ्या हातची जायची. पण नुसत्या फुलांवर संसाराचा गाडा ओढता येत नव्हता. खामगावला माझे नंदोई, म्हणजे नणंदेचे यजमान, होते. त्यांनी तुळशीरामसाठी कापसाच्या जिनात रखवालीची नोकरी बघून ठेवली होती. आखाजीपासून, अक्षय्य तृतीयेपासून, हजर व्हायचं होतं आणि राहायला एक खोली मिळणार होती.

"खोलीपुढं जागा हाये का?" मी विचारलं होतं.

"कशाले?"

"मोगरा लावाले."

मी असं का म्हणते ते सांगायची गरज नव्हती. त्याला ठाऊक होतं. आमच्या घरात दोनदा पाळणा हलेल अशी आशा लागली आणि दोन्ही वेळा पाचवा महिना सरायच्या आत सगळं संपलं. माझ्या हातून जगलेलं असं म्हणाल तर ही बाग तेवढी होती. ती सोडून मी खामगावच्या खोलीत जाऊन भिंतीकडे बघत बसले असते तर वेडी झाले असते, हे मी आजही सांगते.

म्हणून सभेहून परत आल्यावर त्याने मला सरळ सांगितलं, "पाह्य, पिलं वाढली तं इथंच राहू. नाही वाढली तं आखाजीले बिऱ्हाड उचलू. मंजूर?"

मी म्हणाले, "मंजूर." डुकरांचं नाव काढलं तरी मला मळमळत होतं, पण बागेसाठी मी वाघही पाळला असता.

सासरे, कडूबा, यांनी एकच अट घातली. "माया अंगनात नको. मायासमोर नको. अन् मले वास आला नाही पाह्यजे." म्हणून नाल्याच्या पलीकडे, जुन्या कडब्याच्या छपरात पिलांची सोय झाली. संक्रांत झाल्यावर जीप आली आणि सहा पिलं उतरवून गेली. नुकती आईपासून तोडलेली. अंग गुलाबी, कान उभे, पापण्या पांढऱ्या. मी नाकाला पदर लावून उभी होते. त्यातलं एक माझ्याजवळ आलं आणि त्याने माझ्या पायाच्या जोडव्याला नाक लावलं. मी पाय मागे घेतला. ते पुन्हा पुढे आलं. काय सांगू, दुसऱ्या दिवशी नाकावरचा पदर मी आपण होऊन काढला.

आता चारायचं काय? साहेबांनी जाताना एवढंच सांगितलं होतं, "चांगलं चारा." आमच्या मुलखात जनावराला चांगलं चारणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सरकी! पोळ्याच्या आधी बैलाला सरकी, व्यालेल्या म्हशीला सरकी, ज्याच्यावर जीव आहे त्या जनावराला सरकी. तुळशीरामने जिनातून ताजी सरकी आणली, मी ती चुलीवर शिजवली आणि ज्वारीच्या भरड्यात कालवून पिलांपुढे ठेवली. गावातली डुकरं उकिरडे फुंकत फिरत होती आणि आमची डुकरं बैलाचा घास खात होती. तुळशीराम छाती फुगवून गावभर सांगायचा, "आमच्या पिलायले सरकी असते, सरकी!"

फाल्गुन लागेपर्यंत पिलांची पाठ वर आली. अंगावरचे केस राठ झाले, पोटं खपाटीला गेली, नुसती डोकी तेवढी मोठी दिसायची. मग धाप लागायला लागली. छपराच्या सावलीत पडलेलं पिलूही मैलभर पळून आल्यासारखं धापायचं. आम्ही काय केलं असेल? सरकी वाढवली. ज्याला बरं नाही त्याला चांगलं जास्त द्यायचं, हीच आमची समजूत. होळीच्या दोन दिवस आधी मी सकाळी गेले, तर पाच पिलं एका कोपऱ्यात होती आणि सहावं आडवं पडलेलं. जोडव्याला नाक लावणारं तेच.

मी नाल्यात बसून रडले. डुकरासाठी रडताना कोणी बघू नये म्हणून तोंड धूत धूत रडले. शेजारची गोजरबाई, जिला गावातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या घरी पोचवल्याशिवाय चैन पडत नाही, ती पाण्याला आली होती. तिने बघितलंच. संध्याकाळपर्यंत तिचं वाक्य माझ्यापर्यंत आलं. "तिच्या हातालेच गुन नाही माय. लेकरू टिकत नाही, आता डुकरूबी नाही." ते वाक्य माझ्या काळजात रुतलं ते रुतलंच.

तुळशीराम त्याच दिवशी सायकल हाणत जळगाव जामोदच्या गुरांच्या दवाखान्यात गेला आणि डॉक्टरांना घेऊनच आला. उत्तमराव त्यांचं नाव. घाटावरचे, वयाने तुळशीरामएवढेच, बोलणं पुस्तकातलं पण माणूस भला. चिखलात गुडघे टेकून त्यांनी प्रत्येक पिलाच्या छातीला कान लावला. मग विचारलं, "खायला काय देता?"

"सरकी, साहेब!" तुळशीराम अजून अभिमानाने म्हणाला. "शिजवून!"

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. रागावले नाहीत, उलट त्यांच्या चेहऱ्यावर आमच्याबद्दल दया आली. "तुळशीराम, बैल रवंथ करतो. सरकीत एक विष असतं, ते त्याच्या पोटात मारलं जातं. डुक्कर रवंथ करत नाही. ते विष त्याच्या काळजाला जाऊन बसतं. आजपासून सरकी बंद. एक दाणासुद्धा नको."

तुळशीराम मटकन खालीच बसला. ज्याला आम्ही माया समजत होतो ते विष होतं. मला त्याची इतकी कीव आली की दोन शब्द सुनवायचे होते तेही मी गिळले.

"मंग नुसती ज्वारी देऊ?" मी विचारलं.

"नुसत्या ज्वारीवर मरणार नाहीत, पण वाढणारही नाहीत," डॉक्टर म्हणाले. "वाढत्या पिलाला प्रोटीन लागतं. मांस, रक्त, केस, सगळं त्याचंच बनतं. आणि प्रोटीन ही एक वस्तू नाही बाई. ते लहान लहान तुकड्यांचं बनलेलं असतं, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. त्यांतले काही तुकडे पिलाचं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच यावे लागतात. ज्वारीत बाकीचे आहेत, पण लायसिन नावाचा एक तुकडा फार थोडा आहे. तो संपला की बाकीचे कितीही असोत, काम तिथेच थांबतं. उरलेले लघवीवाटे वाया जातात."

तुळशीराम तोंडाचा आ करून बघत होता. पण मला एकदम उमगलं. मी बागेतून फुलांची पाटी घेऊनच आले होते, ती पुढे केली. "म्हंजे हाराचंच झालं, साहेब. दोन पांढरे मोगरे, एक लाल कन्हेर, असा हार गुफाचा. लाल फूल सरलं का हार तिथंच थांबते. मंग पाटीत मोगऱ्याचा ढीग असंल तरी तो सुकूनच जाते."

डॉक्टर हसले आणि म्हणाले, "अगदी तसंच. आता आपल्याला लाल फुलं आणायचीत."

मग त्यांनी पुस्तकातला उपाय सांगितला. मासळीचा भुगा. पण तो मुंबईकडे मिळतो, सातपुड्याच्या पायथ्याला कुठून मिळणार? दूध सांगितलं. तुळशीराम हसला, मीही हसले, कारण आमच्याकडे एक शेळी होती आणि ती चहापुरतं देतानाही उपकार करायची. मग डॉक्टरांनी तुरीची चुणी सांगितली, म्हणजे डाळ भरडताना उरणारा चुरा. "डाळी, तूर, हरभरा, यांत तो तुकडा भरपूर असतो. पण शिजवून घाला, कच्ची पचत नाही." ते जमण्यासारखं होतं. तुरी नुकत्या घरात आल्या होत्या, घरोघर जात्यावर डाळी भरडणं चालू होतं आणि चुणीला कोणी नाही म्हणत नव्हतं.

"एवढ्यानं भागंल?" मी विचारलं.

"पिलं फार खालावलीत. दुधातलं काहीतरी हवंच होतं."

"ताक चालंल?"

डॉक्टरांनी बोटांवर काही मोजलं. मग म्हणाले, "चालेल! लोणी काढलं तरी आपल्याला हवं ते ताकातच राहतं. आंबट असलं तरी चालेल. रोज मिळेल?"

"मियंल," मी म्हणाले. पण ते तेवढं सोपं नव्हतं.

कारण सांगते. आमच्याकडे ताक विकत नाहीत. ज्याच्याकडे दुभतं आहे त्याने सकाळी ताक घुसळायचं आणि भांडं घेऊन येईल त्याला द्यायचं. आलेल्याला परत पाठवायचं नाही आणि कोणासाठी हवं, हे विचारायचं नाही. गावातल्या मोठ्या घरच्या अन्नपूर्णाबाईंचा गोठा म्हशींनी भरलेला होता, आणि मी त्यांच्या देवाला रोज फुलं द्यायचे, म्हणून परत येताना गडूभर ताक मिळायचंच. पण ते माणसांसाठी. म्हशीचं दूधदुभतं डुकराच्या तोंडाला गेलं तर म्हैस आटते, असं गावातली प्रत्येक बाई मानायची. मीसुद्धा मानत होते, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून मी फुलं घेऊन निघाले. गडूच्या जागी मोठी चरवी घेतली आणि ती पदराखाली झाकली. अन्नपूर्णाबाई ओसरीवर ताक घुसळत होत्या. गोऱ्या, थोराड बाई, आवाज असा की शिवारात हाक मारली तर दोन शेतांपलीकडचा बैल मान वळवेल. फुलं दिली, चरवी पुढे केली. त्यांनी चरवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आज चरवी वं?"

"हो बाई. जास्त लागून राह्यलं. आंबट असलं तरी चालंल. आंबटच बरं."

हे शेवटचं वाक्य मी का बोलले, देव जाणे. डॉक्टरांचं बोलणं डोक्यात होतं म्हणून तोंडून गेलं. अन्नपूर्णाबाईंचा रवीचा हात थांबला. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, गालातल्या गालात हसल्या आणि चरवी काठोकाठ भरली. एक शब्द विचारला नाही. मी सुटल्यासारखी घरी आले.

दुसऱ्या दिवशी ताकावर लोण्याचा गोळा तरंगत होता. तिसऱ्या दिवशी सोबत चिंच आली. गोजरबाई, जिने माझ्या हाताला गुण नाही म्हटलं होतं, तीच घरी येऊन मूठभर कवठाची चटणी ठेवून गेली आणि जाताना म्हणाली, "जड उचलू नको वं आता." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला डोहाळे लागलेत असं साऱ्या गावाने ठरवून टाकलं होतं!

मी काय करणार? कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण अशा गोष्टी पहिल्या महिन्यांत तोंडाने विचारत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. सगळ्या जणी नुसत्या डोळ्यांनी विचारायच्या आणि मी डोळे खाली घालायचे, आणि त्या तेवढ्यावरच समजून घ्यायच्या. तुळशीरामला सांगितलं तर तो पोट धरून हसला. मग हसता हसता थांबला. रात्री जेवताना म्हणाला, "सांगून टाक." मी म्हणाले, "सांगितलं का ताक बंद. ताक बंद झालं का खामगाव." त्याने पुढचा घास घेतला.

आणि पिलं! काय सांगू तुम्हाला. आधी धाप गेली. मग डोळे उघडले, म्हणजे पाहायला लागली. शिजवलेली चुणी, ज्वारीचा भरडा आणि वर ताक ओतलं की पाचही जणं अशी तुटून पडायची की नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत पांढरी व्हायची. राठ केस गेले आणि अंगावर लव आली. पाठीचं हाड दिसेनासं झालं. लोण्याचा गोळा मी आधी आमच्या चटणीत घालायचा विचार केला होता, पण शप्पथ सांगते, तोही त्यांच्याच पोटात गेला. रोज मी छपरात जायचे आणि काल होती त्याहून आज मोठी बघायचे. माझ्या हातून काहीतरी वाढत होतं. हा आनंद मी कोणाला सांगू शकत नव्हते एवढंच दुःख होतं.

आखाजी आठवड्यावर आली. तुळशीरामने पत्र्याची ट्रंक माळ्यावरून खाली काढून ठेवली होती. उघडली नव्हती, नुसती भिंतीशी ठेवली होती, आणि मी झाडताना तिच्याभोवतीनं झाडत होते. अशा एका सकाळी मी छपरात चरवी ओतत होते, पिलं पायात घोटाळत होती, आणि मी त्यांच्याशी बोलत होते, "हळू रे, हळू. तुमच्याच बापाचं हाये." मागून बांगड्या वाजल्या.

अन्नपूर्णाबाई उभ्या होत्या. हातात ताट. ताटात तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. चोर ओटी घेऊन आल्या होत्या. तिसरा-चौथा महिना लागला की कोणाला न कळवता, गाजावाजा न करता, मोठी बाई येऊन ओटी भरते. मला सासू नव्हती. म्हणून त्या स्वतः नाला ओलांडून, चपला हातात धरून आल्या होत्या.

त्यांनी चरवी बघितली. पिलांची पांढरी तोंडं बघितली. माझं तोंड बघितलं.

"माहं ताक?" त्या म्हणाल्या.

"हो बाई."

"सगयं?"

"सगयं."

"अन् लोनी?"

मी मान हलवली. मग मला राहवलं नाही. "मी खोटं बोलली नाही बाई. पन तुमी जे समजल्या ते मी मोडलंबी नाही. मायापाशी काही नाही. पोटात काही नाही. हेच हाये, अन् ही बाग. हे मेले असते तं आखाजीले मले जा लागलं असतं. तुमच्या म्हशी आटल्या असत्या तं मी..." मी रिकामी चरवी खाली ठेवली.

"म्हशी काई आटल्या नाही," अन्नपूर्णाबाई करड्या आवाजात म्हणाल्या. "चांगल्या दूध देऊन राह्यल्या." मग त्या वाकल्या आणि पिलांकडे बघत राहिल्या. "हेच का ते, मरू घातले होते?"

"हो. नुसत्या ज्वारीनं वाढत नाही म्हने. डॉक्टर म्हनाले, ज्वारीसोबत डाय नाहीतं ताक पाह्यजेच. नाहीतं अंग धरत नाही." आणि मी त्यांना हाराचं सांगितलं. दोन मोगरे, एक कण्हेर. लाल फूल सरलं की हार थांबतो.

अन्नपूर्णाबाई दगडावर बसल्या. ताट मांडीवर. बराच वेळ त्यांचं बोट नारळाच्या शेंडीशी खेळत होतं. मग त्यांनी विचारलं, "सकायी तू काय खाल्लं?"

"भाकर."

"कायसंगं?"

"चटनीसंगं."

"काल?"

कालही तेच, परवाही तेच. डाळ व्हायची, पण ती आधी सासऱ्यांना, मग तुळशीरामला. माझ्यापर्यंत भांड्याला लागलेली यायची, ती भाकरीने पुसून घ्यायची. चुणी पिलांना जायची. ताक पिलांना जायचं. मी हे सगळं हाताने वाटत होते आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"त्या दोन येळेले?" अन्नपूर्णाबाईंचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता. "तवाबी भाकर-चटनीच?"

मी मान खाली घातली. पिलं ताटलीचा तळ चाटत होती. मग त्या उठल्या, माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि माझा पदर पसरवून त्यात तांदूळ, नारळ, खण घातला.

"बाई, पन मी तं..."

"आनलेली ओटी वापस नेत नसतात," त्या म्हणाल्या, आणि चपला हातात धरून नाला ओलांडून निघून गेल्या. ताकाचं त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

पुढचे काही दिवस मी त्यांच्याकडे गेले नाही. फुलं शेजारच्या पोरीच्या हाती पाठवली. तोंड दाखवायची लाज वाटत होती. पिलांना चुणीवर ठेवलं. आखाजीच्या दिवशी जीप आली, साहेब आले, सोबत उत्तमराव डॉक्टर. साहेबांनी पिलं बघितली आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "ही तीच?" डॉक्टर म्हणाले, "तीच." पिलं पास झाली. दिवाळीपर्यंत आमच्याकडेच ठेवायची, मग सरकार घेणार आणि नवी देणार. तुळशीरामने तिथल्या तिथे डॉक्टरांना मिठी मारली. चिखलाच्या अंगाने.

डॉक्टरांनी जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, वाढ अजून अर्धीच झालीय. खाणं आहे तसंच दिवाळीपर्यंत चालू राहिलं पाहिजे. ताक तुटलं तर जिथे आहेत तिथेच थांबतील."

संध्याकाळी तुळशीराम म्हणाला, "सकायच्या मोटारीनं मानूस जाऊन राह्यला खामगावले. काय निरोप देऊ? आमी येत नाही म्हनू?"

"सकायी सांगते," मी म्हणाले. कारण ते पिलांच्या हातात नव्हतं आणि माझ्याही नव्हतं.

सकाळी आंघोळ केली, फुलं तोडली आणि चरवी घेतली. पदराखाली नाही, उघडी, हातात. साऱ्या गल्लीने बघितली. गोजरबाई दारात होती, तिला मी मुद्दाम थांबून दाखवली. "डुकरायसाठी चालली," म्हणाले. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. असं गावात पहिल्यांदाच घडलं असेल.

अन्नपूर्णाबाई ओसरीवर घुसळत होत्या. त्यांच्या मागे दोन्ही सुना भिंतीला टेकून बसलेल्या आणि दोघींच्या हातात वाट्या होत्या. हे मी आधी कधी बघितलं नव्हतं. त्या घरात सुना ओसरीवर बसून काही खाताहेत असं कोणीच बघितलं नव्हतं. मी फुलं ठेवली, चरवी ठेवली आणि मान खाली घालून उभी राहिले.

"इतके दिवस कुठं होती वं?" त्या गरजल्या. "रोज ताक ठेवलं. रोज वाया गेलं. पिलायनं काय उपास करायचे का तुया लाजंपायी?"

आणि त्यांनी चरवी काठोकाठ भरली.

मी उचलायला वाकले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने एक पितळी वाटी माझ्यापुढे सरकवली. ताक, वर लोण्याचा गोळा. शेजारी ताटलीत भाकरी आणि भाकरीवर घट्ट तुरीचं वरण, भाकरी दिसेनाशी होईल इतकं.

"ते त्यायचं," चरवीकडे बोट करून त्या म्हणाल्या. "हे तुहं. घरी न्यायचं नाही. इथंच बस. मायासमोर खाय. रोज."

मी बसले. पहिला घास तोंडात घातला आणि मला काही दिसेनासं झालं. दोन्ही सुना माझ्याकडे बघत होत्या, अन्नपूर्णाबाई मात्र रवीकडे बघत होत्या. मी सगळं वरण संपवलं. वाटी मी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली.

घरी आले तेव्हा तुळशीराम दारात उभा होता. मोटारीची वेळ होत आली होती. त्याने भरलेली चरवी बघितली, माझं तोंड बघितलं आणि हसायला लागला.

"हासता काऊन?"

"तोंड पाह्य तुहं. पिलायवानी पांढरं झालं."

मी पदराने ओठ पुसले. मग त्याला म्हणाले, "ट्रंक वर ठेवा. अन् खामगावले सांगून द्या, आमी येत नाही."